पंख पुसणारा माणूस

“पुसलं का बे?”

सकाळी खोलीत पाऊल टाकलं की त्याचा हा पहिला प्रश्न. रामराम नाही, कसा आहेस नाही. फळा असो, भिंग असो, चहाचा कप असो, आधी हे. आणि तुम्ही हो म्हणा की नाही म्हणा, धोतराचा सोगा हातात घेऊन तो ती वस्तू पुन्हा पुसणार म्हणजे पुसणारच. एकदा तो प्रिन्सिपॉलसाहेबांच्या चष्म्याकडे टक लावून पाहत उभा राहिला. साहेबांनी घाबरून चष्मा काढला आणि खिशात ठेवला.

वयानं मोठा, हुद्द्यानं प्रोफेसर, आणि मी त्याला अरेतुरे करतो म्हणून नाक मुरडू नका. तोंडावर इतकी वर्षं ‘सर’ म्हटलं, आता कागदावर तरी माझी मर्जी. हा माणूस मला आवडत नव्हता. तो गेला म्हणून आवडायला लागेल असंही नाही. ज्यांना गेलेल्या माणसाचे गोडवेच ऐकायचे असतील त्यांनी इथूनच परतावं हे बरं.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि लहानमोठे सगळे हुकूम नागपूरहून यायचे. अमरावतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाचा तो प्रोफेसर, मी त्याच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर. मूळचा दर्यापूरकडचा, घरची काळी जमीन. विलायतेत शिकून आला तरी जीभ वऱ्हाडीच राहिली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माझी स्वतःची तीच आहे. तक्रार त्या जिभेवरच्या काट्यांची. पुण्याहून एक विद्वान आले होते, विमानावर तासभर छान बोलले. टाळ्या संपायच्या आत हा उठला.

“तुमी कदी इमानात बसले का?”

“नाही, तसा योग आला नाही.”

“तं मंग तासभर काय सांगून राहिले?”

पाहुणे गोरेमोरे झाले. गंमत अशी की हासुद्धा कधी विमानात बसलेला नव्हता.

विमानाचं वेड मात्र खरं. लढाईचे दिवस होते, डोक्यावरून अधूनमधून एखादं विमान जायचं आणि हा वर्ग सोडून अंगणात धावायचा. त्यानं कॉलेजच्या मागच्या खोलीत वाऱ्याचा एक बोगदा उभा केला होता. लांबलचक लाकडी पेटी, एका तोंडाला पंखा. पंखा अकोल्याच्या एका जिनिंगमधून मागून आणलेला, सरकीपासून सुटी झालेली रुई फुंकून पुढे ढकलणारा. पेटीच्या मध्ये विमानाच्या पंखाचा सागवानी नमुना टांगायचा, वारा सोडायचा आणि वारा त्याला किती उचलतो ते सोनाराच्या काट्यावर तोलायचं. उभ्या प्रांतात असलं काम दुसरीकडे कुठं चालत नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात त्यानं एक प्रश्न लिहून ठेवला होता, तो कोणी पुसायचा नाही: ‘हवा पंखाची पाठ कुठं सोडते?’ पाठीला चिकटून वाहते तोवर हवा पंख उचलते, सोडली की पंख पडतो. आमचं सगळं संशोधन या एका ओळीत होतं.

माझा पंख मी स्वतः तासला होता. पुढून जाड, मागून निमुळता, वरून जवसाच्या तेलाचे हात. त्या पंखावर माझं सगळं ठरणार होतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या विज्ञानसंस्थेत विमानविद्येसाठी एक जागा होती, खाण्याराहण्यासकट. नागपूरचे साहेब येऊन काम पाहणार आणि पसंत पडलं तर मला पाठवणार. शिवाय बोगदा ठेवायचा की मोडायचा हेही तेच ठरवणार होते. म्हणजे माझं नशीब आणि त्याचा बोगदा एकाच दोरीला बांधलेले.

दसऱ्यानंतर तो हिवतापानं घरी पडला. काय सांगू, काय सुखाचे दिवस होते! कानाशी ‘पुसलं का’ नाही, सोगा नाही. मीही फडक्याला हात लावला नाही. रोज पंखा सुरू करायचा, तोलायचं, मांडायचं. आणि पंख असा उचलला जायचा की काट्याची दांडी वर जाऊन टेकायची. असे आकडे त्या खोलीत कधी निघाले नव्हते. मी घरी जाऊन आईला सांगून टाकलं, “आई, मी चाललो.” तिनं माझ्यासाठी दोन सदरे शिवायला टाकले.

तो परत आला, गालफडं बसलेली. आकडे पाहिले, पंखाजवळ नाक नेलं. त्या दिवशी त्यानं पंख पुसला नाही. “बरं आहे,” एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून ‘बरं आहे’ म्हणजे आमच्या खोलीत दिवाळीच. मी हुरळून गेलो.

आठवड्याभरानं साहेब आले. प्रिन्सिपॉल, चार प्रोफेसर, सगळे पेटीभोवती उभे. मी नवा सदरा घातला होता. पंखा सुरू करायला हात पुढे केला तोच हा म्हणाला, “थांब.”

आणि सोगा काढला. सगळ्यांच्या देखत त्यानं माझा पंख पुसला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कडेनं, सावकाश, जोर लावून. मग मला म्हणाला, “आता चालू कर.”

मी चालू केला. दांडी जरा हलली आणि तशीच राहिली. पुन्हा केला. तेच. साहेबांनी घड्याळ पाहिलं, प्रिन्सिपॉलनी माझ्याकडे पाहिलं. त्यानं मात्र सोगा उजेडात धरला होता. त्यावर रुईची बारीक लव होती. पंख्याच्या पोटात जिनिंगमधली लव अडकून राहिलेली. ती रोज वाऱ्याबरोबर यायची आणि जवसाच्या तेलकट कडेला चिकटायची. डोळ्याला दिसणार नाही इतकी. तिच्यामुळे हवा पंखाची पाठ धरून राहत होती. लव गेली, सगळं गेलं.

साहेब नागपूरला निघून गेले. दक्षिणेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

मी त्याला गाठलं. “सर, तुम्हाला माहीत होतं?”

“शंका होती.”

“मग मले काहून नाही सांगितलं? पुसाचा तं त्याच दिवशी पुसाचा!”

“शंका काय सांगाची? पुसल्याशिवाय समजत नाही.”

“साहेबांसमोरच समजायचं होतं?”

“मंग काय त्याइले खोटा पंख दाखवाचा?” तो म्हणाला, आणि वर त्याच दमात, “तुह्यं खरं काम तं आता सुरू झालं लेका. ते लव हवेले काहून धरून ठेवते, ते पाह्य.”

मी त्याच्या तोंडावर दार आपटलं. आजही आपटीन. खोटं दाखवायचं नव्हतं हे मला पटतं. पण आठवडाभर आधी, खोलीत आम्ही दोघंच असताना पुसता आला असता की नाही? निदान आईनं शिवून घेतलेला सदरा घालून तरी मी तिथं उभा राहिलो नसतो. या माणसाला हवेचं सगळं कळायचं, शेजारी उभ्या माणसाचं काही म्हणजे काही कळायचं नाही.

बोगदा मोडला. पंखा अकोल्याला जिनिंगमध्ये परत गेला. त्यानं पेटीच्या फळ्या स्वतः उतरवल्या, प्रत्येक फळी पुसून. पुढे तो पेन्शनीत निघाला आणि मी अकोल्याच्या एका हायस्कुलात मास्तर झालो. कोणी त्याचं नाव काढलं की मी विषय बदलायचो.

एका हंगामात गाईसाठी सरकी आणायला त्याच जिनिंगमध्ये गेलो होतो. दुपारची सुट्टी, सरकी काढणारे रेचे बंद, आवारभर रुई उडत होती. फक्त एक पंखा घरघरत होता. त्याच्या तोंडाशी बाजेवर कोणी म्हातारा बसला होता, केसांत, मिशांत, भुवयांत कापूस. समोर बांबूच्या तीनपायी तिकाटण्यावर सोनाराचा काटा, आणि काट्याला माझा पंख.

माझाच. मी तासलेला पंख मला कळणार नाही? दर्यापूरहून मोटारीनं यायचा म्हणे, मिस्त्रीच्या हातापाया पडून सुट्टीत पंखा चालवून घ्यायचा. पंखाच्या पुढच्या कडेला त्यानं डिंकानं रुईची लव चिकटवली होती, बारीक, सरळ रेघेत. दांडी वर जाऊन टेकली होती. हलत नव्हती.

पाहायला ना साहेब होते ना प्रिन्सिपॉल. मी होतो, आणि मला तिथं क्षणभरही थांबायचं नव्हतं. तरी जवळ गेलो. त्यानं मान वर केली, ओळखलं. कसा आहेस नाही, बस नाही. पंखाच्या पाठीवर उडत आलेला एक पुंजका बसला होता. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय? माझा हात आपोआप खिशातल्या रुमालाकडे गेला आणि रुमाल पंखाकडे.

त्यानं पंखावर हात आडवा धरला.

“पुसू नोको,” तो म्हणाला.