मालनकाकीच्या हाताखाली

नवरात्र मंडळाच्या सभेत बँकेत नोकरी करणाऱ्या श्वेताने सत्कारासाठी मालनकाकीचं नाव सुचवलं, तेव्हा कुणीही नाही म्हणालं नाही. नाही म्हणायला तोंड कुणाला होतं? भांडुपच्या डोंगरउतारावरच्या त्या वस्तीत एखाद्या घरातली बाई गेली, की नातेवाइकांच्याही आधी निरोप मालनकाकीला जायचा. ती यायची, पदर खोचायची, दोघीतिघींना चादरीचा आडोसा धरायला लावायची आणि गेलेल्या बाईला न्हाऊ घालून, साडी नेसवून, केस विंचरून बाहेर सोपवायची. सभेत बसलेल्या बहुतेकांची आई नाहीतर आजी तिच्याच हातून शेवटची गेली होती. तरीही नाव निघाल्यावर सगळे जरा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग सेक्रेटरी सुबोध म्हणाला, "द्यायलाच पाहिजे रे, पण बॅनरवर लिहायचं काय?"

बॅनरवर शेवटी 'ज्येष्ठ समाजसेविका' असं छापलं. देवीच्या मांडवात मयताचा उल्लेख बरा दिसत नाही, असं एकमताने ठरलं. आपल्या लोकांना अशा बाबतीत एकमत व्हायला वेळ लागत नाही.

वस्तीचा मालनकाकीवर जीव नव्हता असं मुळीच नाही. बारशाचं, साखरपुड्याचं, डोहाळजेवणाचं बोलावणं तिला हमखास असायचं. फक्त बाळाला पाळण्यात घालायची वेळ झाली, की कुणीतरी लगबगीने तिच्यासाठी चहा घेऊन यायचं आणि तिला बाहेरच्या खोलीत बसवायचं. "काकी, गरम आहे तोवर घ्या ना." आत पाळणा म्हणायला सुरुवात व्हायची आणि मालनकाकी बाहेर बशीत चहा ओतत बसायची. हे तिला कळत नसेल असं ज्यांना वाटायचं, त्यांची कीव करावी तेवढी थोडीच. तिला सगळं कळायचं. तिने तो चहा वर्षानुवर्षं मुकाट्याने प्यायला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

ती कणकवलीकडची. लग्न होऊन मुंबईत आली तेव्हा नवरा, राजाराम, गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याने एका सोसायटीत वॉचमनकी धरली आणि ही औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली. मयताच्या कामाला तिने हात लावला तो अगदी अचानक. शेजारची नवी सून बाळंतपणात गेली होती. अशा मरणाला बायका फार भितात. दारापर्यंत आल्या, हळहळल्या आणि एकेक करून काही ना काही कारण काढून पांगल्या. उरली हे काम करणारी एक म्हातारी, जिला सगळे वयनी म्हणायचे, आणि ही. मालन त्या पोरीपेक्षा थोडीशीच मोठी होती. पळून जायचं तिच्याही मनात आलं होतं, पण त्या पोरीचा एक पाय चादरीबाहेर राहिला होता आणि तो तसाच टाकून जाणं तिला जमलं नाही. तिने तो पाय आत घेतला आणि मग वयनीच्या शेजारी बसली. पुढे वयनी गेली, तेव्हा तिलाही हिनेच न्हाऊ घातलं.

तिची कामाची एक रीत होती. ती गेलेल्या बाईशी बोलायची. "पाणी घालतंय हां गो. कोमट आसा. हात वर घेतंय, दुखूचा नाय." नवख्या बायकांच्या अंगावर काटा यायचा. मालनकाकी म्हणायची, जन्मभर कुणी हिला विचारून हात लावला नसेल, आता तरी सांगून लावूया.

मग ते साथीचं वर्ष आलं. कारखान्यात जिच्यासोबत मालनने अर्धं आयुष्य डबा खाल्ला, ती सुलक्षणा हॉस्पिटलात गेली. ती घरी आलीच नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिला परस्पर स्मशानात नेलं. मालन नाक्यावर उभी होती. गाडी थांबली नाही. तुला मीच न्हाऊ घालीन असं सुलक्षणेला तिने वचन दिलं होतं, थट्टेथट्टेत दिलं होतं, पण दिलं होतं. ते राहिलं ते राहिलंच. त्यानंतर वर्षभरात राजारामही झोपेत गेला. पण तिला रात्री जाग यायची ती सुलक्षणेसाठी.

तेव्हापासून तिच्या मनात एकच भीती घर करून बसली. मरणाची नव्हे. मरण तिने इतकं जवळून पाहिलं होतं की त्याची भीड चेपली होती. पण आपल्याला न्हाऊ कोण घालणार? हाताखाली कुणी तयार झालेलं नव्हतं. मनगटं सुजायला लागली होती, तांब्या उचलताना कळ यायची. मुलगा सर्वेश बदलापूरला. सून निधी तशी गुणी, पण एकदा विषय निघाल्यावर तिने सासूला धीर द्यायला म्हणून सांगितलं, "आई, तुम्ही कशाला काळजी करता? आता त्याच्याही एजन्सी असतात. फोन केला की माणसं येऊन सगळं करून जातात." माणसं म्हणजे कोण, बाप्ये की बायका, हेसुद्धा मालनकाकीला विचारवेना.

म्हणूनच तिने सत्काराला हो म्हटलं. शालीचा मोह तिला नव्हता. पण मांडवात सगळी वस्ती एका जागी असणार होती आणि आपल्या हातात माईक येणार होता. चार दिवस ती भांडी घासताना वाक्य जुळवत होती, नीट शहरी मराठीत.

सत्कार अष्टमीच्या संध्याकाळी झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, काचेचं सन्मानचिन्ह झालं. सुबोधने तिच्या 'निःस्वार्थ कार्याचं' कौतुक केलं, मात्र कार्य कोणतं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग माईक तिच्या हातात आला आणि जुळवलेलं वाक्य ती पार विसरली.

"शाल बरी आसा," ती म्हणाली. "पण माका एक बाई व्हयी. माझ्या हाताखाली शिकूक. माझो हात आता चलत नाय. बाई गेली की माका बोलवतास, मी येतंय. उद्या मी मेलंय तर माका कोण न्हाणयतला?"

पुढच्या रांगेतल्या बायका देवीकडे बघायला लागल्या. मालनकाकी माईक धरून उभीच राहिली. तिला खरोखरच वाटत होतं की आता कुणीतरी हात वर करेल. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली, मनापासून, सुटका झाल्यासारखी. काहींच्या तर डोळ्यांत पाणी होतं. सुबोधने माईक हळूच काढून घेतला आणि म्हणाला, "काकींच्या या साधेपणाला सलाम!" अपमान झाला असता तर तिने निभावून नेला असता. या टाळ्यांचं काय करावं ते तिला कळेना. ती शाल सावरत खाली उतरली आणि सन्मानचिन्ह खुर्चीवरच विसरून घरी गेली.

त्या टाळ्यांमध्ये श्वेताचे हात नव्हते. पण तिने हात वरही केला नव्हता. नाव आपणच सुचवलं, आणि वेळ आल्यावर आपणही स्वतःच्या पायांकडे बघत बसलो, हे तिला फार लागलं. बँकेतून येताना ती मालनकाकीच्या दारावरून न जाता वरच्या बाजूने वळसा घालून घरी जायला लागली. दिवाळीत फराळाचं ताटही तिने मुलीच्या हातून पाठवलं.

दिवाळी उलटली आणि एके सकाळी श्वेताची सासू गेली. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती. आता मात्र वळसा घालून चालणार नव्हतं. श्वेता दारात येऊन उभी राहिली. "काकी, आमच्या आई..."

मालनकाकीचा उजवा हात त्या दिवशी पट्टीत बांधलेला होता. ती चप्पल घालून निघाली. घरी पोचल्यावर तिने पाणी तापवायला लावलं, आडोसा धरायला लावला आणि स्वतः भिंतीशी स्टूल ओढून बसली.

"तू कर गो. मी सांगतंय."

"मी? काकी, मला नाही जमणार. माझे हात बघा कसे थरथरतायत."

"माझे पण थरथरलेले. घे तांब्या."

जमलेल्या बायकांमध्ये कुजबुज झाली. श्वेताच्या नवऱ्याची आत्या म्हणाली, "पोरीला कशाला त्रास? तुम्हीच उरकून घ्या ना." मालनकाकीने पट्टी बांधलेला हात नुसता वर केला. आत्या मात्र स्वतः पुढे आली नाही.

श्वेताने पहिला तांब्या घातला तो डोळे मिटून. दुसऱ्याला उघडले. पाठीवरच्या जखमा तिने आजवर औषध लावताना पाहिल्या होत्या, आज त्या मऊ कापडाने पुसल्या. मान कुठे आधारायची, कुशीवर कसं वळवायचं, ओली साडी अंगावर असतानाच कोरडी कशी नेसवायची, मालनकाकी एकेक सांगत होती आणि श्वेता करत होती. मध्येच तिला हुंदका आला, तेव्हा मालनकाकी म्हणाली, "रड. पण मान सोडू नको." केस विंचरून झाले. श्वेता मागे सरकली.

"कुंकू लाय तिका."

"काकी, पण आई तर..." विधवा हा शब्द श्वेताच्या तोंडून निघेना. आत्याने मात्र मोठ्याने सांगितलं, अशा बाईला कुंकू लावत नाहीत.

"मी सगळ्यांका लायतंय," मालनकाकी शांतपणे म्हणाली. "आडोशाच्या आत मी. भायर काय ता तुम्ही बघा."

श्वेताने करंडा उघडला आणि सासूच्या कपाळावर कुंकू लावलं. ते कपाळ इतकी वर्षं मोकळं होतं. आता तिथे ते शोभून दिसलं.

पुरुष माणसं तिरडी घेऊन गेली. बायका पांगल्या. मागे मोरीत श्वेता आणि मालनकाकी दोघीच उरल्या. श्वेताने आधी काकीच्या हातावर पाणी घातलं, पट्टी भिजू न देता बोटं धुतली, मग स्वतःचे हात धुतले. नळ बंद केला तरी ती तिथेच उकिडवी बसून राहिली. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारावं की नाही ते कळत नव्हतं. शेवटी तिने मान खाली घालूनच विचारलं.

"काकी, तुमच्या वेळी पण कुंकू लावायचं ना?"

मालनकाकीचे डोळे वाहायला लागले. या वस्तीत तिला रडताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. ती पुसायलाही थांबली नाही.

"लाय," ती म्हणाली. "आणि ठसठशीत लाय. टिकली नको माका."