आत, बाहेर, मोकळं

माझा मुलगा गाडीत गेला नाही. हे आधीच सांगते, कारण लोक ते विचारत नाहीत, गृहीत धरतात. तो रक्ताच्या कर्करोगाने गेला, कोलंबसच्या हॉस्पिटलात, खिडकीजवळच्या बेडवर. भेटायला आलेल्या एका काकूंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "शेवटी त्या गाडीनंच घात केला ना गं." मी हात सोडवून घेतला आणि चहा ठेवते म्हणून आत गेले. चहा ठेवला नाही.

ओहायोतल्या डब्लिनमधल्या आमच्या मराठी घरांत मुलांची विचारपूस एकाच पद्धतीने होते: कुठल्या कॉलेजात, कुठल्या कंपनीत. माझ्या मुलाने इंजिनिअरिंग अर्धवट सोडलं. आठवडाभर तो टायरच्या दुकानात काम करायचा आणि शनिवारी स्टॉक कार चालवायचा. दिसायला ही गाडी रस्त्यावरच्या गाडीसारखी, पण वरचा पत्रा सोडला तर आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि एकच सीट. दार उघडत नाही, खिडकीतून आत शिरायचं. ट्रॅक आमच्या घरापासून लांब, मक्याच्या शेतांमध्ये, डांबरी आणि लंबगोल. डाव्या हाताला वळत राहायचं.

"म्हणजे गोल गोल फिरून परत तिथंच," गणपतीच्या हॉलमध्ये एक काका दरवर्षी म्हणत. विनोद दरवर्षी तोच.

"काका, तुम्हीपण रोज ऑफिसला ड्राइव्ह करून परत घरीच येता ना?" मुलगा एकदा म्हणाला. त्यानंतर त्या काकांनी त्याला काही विचारलं नाही. मलाही नाही.

मला हा खेळ कधी आवडला नाही. तो गेल्यावर माझं मन पालटलं, असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. जळक्या रबराचा वास कपड्यांना दोन धुण्यांपर्यंत राहतो. पार्किंगमध्ये काही पिकअपवर गुलामगिरीच्या काळातले दक्षिणेचे झेंडे असायचे, त्यांच्याकडे न बघता मी पुढे जायची. सुरुवातीला मी स्टँडमध्ये पुस्तक घेऊन बसत असे. मी इथल्या ग्रंथालयात मुलांच्या विभागात काम करते आणि आवाजात वाचायची मला सवय आहे, पण त्या आवाजात एक पान पुढे सरकत नसे.

मग एका शनिवारी त्याचा स्पॉटर आला नाही. गाडीत ड्रायव्हरची मान पट्ट्यांनी बांधलेली असते. शेजारी कोण आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून प्रत्येकाचा एक माणूस उंच मचाणावर उभा राहतो आणि रेडिओवरून त्याला सांगतो की आतल्या बाजूला गाडी आहे, बाहेरच्या बाजूला आहे किंवा कुणी नाही. तो माणूस म्हणजे स्पॉटर. "आई, फक्त कोण कुठे आहे ते सांग. प्लीज," मुलगा म्हणाला, आणि मी वर चढले.

गाड्या सुटल्या आणि माझं इंग्रजी गेलं. शब्द येत होते, पण गाडी पुढे गेल्यावर. तोंडातून निघालं, "आत. आत आहे. अजून आत. मोकळं." आणि खाली त्याची गाडी माझ्या शब्दासरशी सरकली. शर्यत संपल्यावर हेल्मेट काढून तो हसत होता. "आई, मराठीतच बोल. इथं सगळे स्कॅनर लावून एकमेकांचा रेडिओ ऐकतात. आपलं कुणाला कळणार?"

ज्याला घरात मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर द्यायची सवय, त्याच्याशी मी सगळ्यांत जास्त मराठी त्या मचाणावरून बोलले. तीन-चार शब्दच, पण तो प्रत्येक शब्द ऐकायचा.

मचाणावर बाकी सगळे पुरुष होते. "मॅम, रेसिपी सांगताय का त्याला?" एकाने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आज तुमचा ड्रायव्हर शिजतोय."

या गोष्टीतला मुख्य माणूस म्हणजे पिवळ्या गाडीचा ड्रायव्हर. छपरं घालायचं काम करायचा, पन्नाशी ओलांडलेला, त्याचे वडीलही याच ट्रॅकवर गाडी चालवत. आमच्या मराठीबद्दल त्याने ट्रॅकच्या मालकाकडे तक्रार केली. रेडिओवर इंग्रजीच पाहिजे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, असं त्याचं म्हणणं. मालकाने नियम पाहिले. तसा नियम नव्हता. मग तो आमच्या गाडीपाशी आला.

"या देशात इंग्लिश बोलतात," तो मला म्हणाला.

"मला येतं," मी म्हटलं. "तुमच्याशी बोलायचं नव्हतं, एवढंच."

मुलगा गाडीखाली झोपून काहीतरी आवळत होता. खालून त्याचं हसणं ऐकू आलं. त्या माणसालाही ऐकू आलं.

मुलाची शेवटची शर्यत सीझनचीही शेवटची होती. चॅम्पियनशिप तो आणि पिवळ्या गाडीवाला या दोघांतच होती, जो पुढे राहील त्याची. शेवटच्या लॅपला पिवळी गाडी आतल्या बाजूने पुढे होती. मुलाने बाहेरून गाडी काढली. मी म्हणत होते, "आत. आत. अजून आत." मग आमची गाडी पुढे निघाली, दोन्ही गाड्यांच्या मधे मला डांबर दिसलं आणि मी म्हणाले, "मोकळं." तो खाली, आतल्या बाजूला, सरकला. पिवळ्या गाडीचं नाक त्याच्या मागच्या चाकाला लागलं, त्याची गाडी फिरली आणि उलटी जाऊन भिंतीवर आपटली. तो स्वतः खिडकीतून बाहेर आला. बरगड्यांना मार होता, बाकी काही नाही.

पिवळ्या गाडीवाल्याला ट्रॉफी मिळाली. त्याच्यासमोर माइक धरला तेव्हा तो म्हणाला, "पोरगा चांगला आहे. त्याच्या आईनं त्याला घाईनं खाली आणलं. मोकळं नव्हतं. मी तिथंच होतो." हे ट्रॅकभरच्या लाउडस्पीकरवर गेलं. सामान आवरत असताना लोक माझ्याकडे बघत होते. काहींच्या नजरेत दया होती, ती जास्त लागली.

मोबाइलवर काढलेले व्हिडिओ होते. मी ते सगळे पाहिले. जो क्षण पाहायचा तो एकात दिव्याच्या खांबामागे गेलेला आणि दुसऱ्यात कुणाच्या तरी टोपीमागे. उरली माझी आठवण. मी डांबर पाहिलं होतं. पण एखादी गोष्ट रोज काढून पाहिली की तिच्या कडा झिजतात. हिवाळा येईपर्यंत, आपण डांबर पाहिलं की पाहायचं होतं, हे मला सांगता येईना.

त्याच हिवाळ्यात त्याचं निदान झालं. उपचारांच्या दिवसांत आम्ही शर्यतीबद्दल बोलत नव्हतो. एका दुपारी मी विचारलं, "मी लवकर बोलले का रे त्या दिवशी?"

डोळे न उघडता तो म्हणाला, "आई, डझ इट मॅटर?"

तो थकलेला होता, मला कळतं. पण तो 'नाही' म्हणाला नाही. पुढच्या पानगळीत तो गेला.

त्यानंतर सगळ्यांना तो हवा झाला. मंडळाने शोकसभा घेतली. रेसिंग सूटमधला त्याचा फोटो मोठा करून लावला आणि 'आपल्या समाजातला पहिला रेसर' म्हणून त्याचा गौरव केला. गोल गोलवाले काका बोलायला उभे राहिले आणि रुमालाने डोळे पुसू लागले. मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्या बुटांकडे बघत होते. मग ट्रॅकच्या मालकाचा फोन आला. उन्हाळ्यात मुलाच्या स्मरणार्थ शर्यत ठेवणार होते. सुरुवातीला, सगळ्या गाड्या रांगेत उभ्या असताना, इंजिनं सुरू करायचा हुकूम माइकवरून कुणीतरी देतं. तो मी द्यावा, अशी त्याची इच्छा होती. मी हो म्हटलं.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात मी गॅरेजमध्ये मुलाचे खोके लावत होते. दार उघडं होतं. ड्राइव्हवेवर पिकअप थांबला आणि पिवळ्या गाडीवाला उतरला. त्याने टोपी काढली. वाईट झालं, म्हणाला. मी मान हलवली. मग त्याने कामाचं काढलं. त्याच्या स्पॉटरच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्या दिवशी मी त्याच्यासाठी मचाणावर उभी राहीन का?

"मी घाई करते," मी म्हटलं. "तुम्हीच माइकवर सांगितलंत."

त्याने टोपी हातात फिरवली. "मॅम, तिथं असं काहीतरी बोलावंच लागतं. तुमच्यासारखा स्पॉटर या ट्रॅकवर दुसरा नाही. मला इंग्लिशचीही गरज नाही. मला तुमचे शब्द येतात."

आणि माझ्या गॅरेजच्या तोंडाशी उभा राहून त्याने म्हणून दाखवलं, "आट. बाहेर. अजून आट. मोकला." पाठांतर म्हणून दाखवणाऱ्या पोरासारखा थोडा खूशही होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दुसऱ्या सीझनपासून. अवघड नव्हतं. तुम्ही बोलायचात आणि त्याची गाडी हलायची. मग मी एक रिसीव्हर गाडीतच बसवला. एका कानात माझा माणूस, दुसऱ्या कानात तुम्ही."

मी हातातला खोका खाली ठेवला. "म्हणजे त्या दिवशी मी मोकळं म्हटलं, ते तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं."

"आणि मोकळं होतं."

तो पिकअपकडे बघत राहिला. "तुम्ही म्हणालात तेव्हा होतं," तो म्हणाला. "तो आता खाली येणार, हे मला कळलं. मी त्या मोकळ्या जागेत गाडीचं नाक घातलं. शेवटचा लॅप होता, मॅम. त्यानंही तेच केलं असतं."

"नसतं केलं."

"म्हणून तर ट्रॉफी त्याला मिळाली नाही," तो म्हणाला. यात त्याला टोमणा मारायचा नव्हता. सरळ हिशेब सांगावा तसं सांगितलं त्याने.

"हे सगळ्यांसमोर सांगाल? माइकवर सांगितलं होतंत तसं?"

"आता त्यानं काय बदलणार आहे?"

"मग तुमचा स्पॉटर तुम्ही शोधा," मी म्हटलं आणि भिंतीवरचं बटण दाबलं. आमचं गॅरेजचं दार हळू खाली येतं. आधी त्याचा चेहरा गेला, मग हातातली टोपी, मग बूट. बूट बराच वेळ हलले नाहीत.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "तुला कळलं ना आता? मग झालं," तो म्हणाला. "लोकांचं काय करायचंय?"

"ते लोकांनी लाउडस्पीकरवर ऐकलंय," मी म्हटलं.

शर्यतीच्या दिवशी मंडळातले लोक गाड्या भरून आले. सगळ्यांच्या अंगात मुलाचा फोटो छापलेले टीशर्ट होते. गाडीनं घात केला म्हणणाऱ्या काकूंच्याही. मुलाची गाडी सुरुवातीच्या रेषेजवळ रिकामी उभी केली होती. तिच्यामागे बाकीच्या गाड्या रांगेत. पिवळी गाडी दुसऱ्या ओळीत होती, खिडकीची जाळी लावलेली. मालकाने मला माइक कसा धरायचा ते दाखवलं. "एकच वाक्य आहे, मॅम. जरा आवाज चढवून म्हणा."

मी आवाज चढवला नाही. माइक होता.

"मी इथं माझ्या मुलाची स्पॉटर होते," मी इंग्रजीत म्हणाले. "त्याच्या शेवटच्या लॅपला मी त्याला मोकळं म्हटलं. तेव्हा मोकळं होतं. पिवळ्या गाडीच्या ड्रायव्हरला आमचे शब्द समजत होते. त्यानं ते ऐकले, माझा मुलगा खाली येणार हे त्याला कळलं, आणि त्यानं गाडी घातली. हे त्यानं माझ्या घरासमोर उभं राहून मला सांगितलं. इथं सांगायला तो तयार नाही, म्हणून मी सांगते. आता इंजिनं सुरू करा."

काही वेळ एकही इंजिन सुरू झालं नाही. मग शेवटच्या ओळीतलं एक झालं, त्यानंतर पिवळ्या गाडीचं, मग बाकीची. स्टँडमधून हुर्यो उठली. ती त्याच्यासाठी होती की माझ्यासाठी, मला कळलं नाही आणि फरकही पडला नाही. लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसा मालकाने माझ्या हातातून माइक घेतला.

मी स्टँडमध्ये येऊन काकूंच्या शेजारी बसले. "आजच्या दिवशी तरी नको होतं गं बोलायला," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या.

"मग कुठल्या दिवशी बोलायला हवं होतं, काकू?"

"अगं, तो बिचारा स्वतःहून तुझ्या घरी आला तरी होता."

समोर गाड्या फिरत होत्या. पिवळ्या गाडीवाल्याने मचाणावर कुणीतरी नवखा उभा केला होता. तो खूप बोलत होता, हातही हलवत होता, आणि त्याचा प्रत्येक शब्द उशिरा जात होता, हे गाडीच्या चालीवरून दिसत होतं. शेवटच्या लॅपला पिवळी गाडी बाहेरून पुढे आली. आत एक निळी गाडी होती. आत. आत. अजून आत. मग दोन्ही गाड्यांच्या मधे मला डांबर दिसलं, दुपारच्या उन्हात स्वच्छ. पिवळी गाडी मात्र खाली आली नाही. ती बाहेरच राहिली, वरून कुणी मोकळं म्हणायची वाट बघत, आणि तेवढ्यात निळी गाडी आतून निघून गेली.

माझ्याकडे रेडिओ नव्हता. मी काकूंना म्हटलं, "चला, गर्दी व्हायच्या आधी निघू."