रिहेकराची टांग

कोळवणचा आमचा गिरणीवाला दळणाचा डबा उचलण्याआधीही शड्डू ठोकायचा आणि मांडीवरचं पीठ माझ्या अंगावर उडवायचा. तरुणपणी जत्रेच्या कुस्तीत रिहे गावच्या एका पैलवानानं त्याला आतली टांग लावून चीत केलं होतं. तेव्हापासून तो त्या डावाला ‘रिहेकराची टांग’च म्हणायचा.

पुढं एका जत्रेत तोच रिहेकर आमच्या शेजारी येऊन बसला. गिरणीवाल्यानं मला कोपरानं ढोसून दाखवला. आखाड्यात तो डाव लागताच हा ओरडला, “रिहेकराची टांग!”

“कुनाची?” रिहेकर हसला. “आतली टांग हाय ती, पाव्हणं.” त्यानं याला ओळखलंच नव्हतं.

“आमच्या कोळवणात आसंच म्हनत्यात,” हा म्हणाला.

कोळवणात तसं म्हणणारा हा एकटाच होता.