ज्ञानूचं जाळं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्ञानूला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही.

दौंडच्या खाली भीमेचं पाणी धरणामुळं पसरतं, तिथं काठावर आमची घरं. नव्वदीतली गोष्ट. शेजारचा ज्ञानू आणि मी एका वर्गात. जाळी ज्याची त्याची, होडी मात्र दोन घरांत एकच. संध्याकाळी जाळी टाकायची, सकाळी काढायची, मग दप्तर. हाताला चिलापी माशांचा वास तसाच. पोरं नाक धरायची, आम्ही मुद्दाम त्यांच्या वह्या हाताळायचो.

दहावीच्या परीक्षेला आम्ही पाळी लावली. एकानं दोघांची जाळी काढायची, दुसऱ्यानं तेवढा वेळ अभ्यास करायचा. बीजगणिताच्या दिवशी पाळी माझी होती.

मी माझं जाळं काढलं. ज्ञानूचं पार पलीकडं, पाण्यात बुडालेल्या बाभळींना बांधलेलं. तिथवर वल्हवायचं, काट्यांतून सोडवायचं — तास गेला असता. मला वर्गसमीकरणं एकदा बघायची होती. मी होडी वळवली. एवढंच.

पण एवढंच कुठं? ज्ञानू काठावर आला. "माझं रं?" म्हणाला. नाही काढलं, असं सांगता आलं असतं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या, विषय संपला असता. मी म्हणालो, "न्हाई घावलं. वारं व्हतं राती, गेलं आसंल वाहून." का म्हणालो? घाबरलो. त्याच्या घरात तेवढं एकच जाळं होतं, हे मला ठाऊक होतं. तो शोधायला जाणार, हेही ठाऊक होतं. तो होडीत बसला. मी घरी जाऊन पुस्तक उघडलं.

नऊच्या एसटीत तो नव्हता. परीक्षेत त्याचा बाक रिकामा. मी दोनदा तिकडं बघितलं, मग गणितं सोडवायला लागलो. पेपर सोपा गेला.

आधी तो वाऱ्याच्या बाजूनं लांबवर शोधत गेला असणार. परतताना जाळं बाभळींपाशी दिसलं असणार — जिथल्या तिथं, गाठीसकट. म्हणजे त्याला कळलंच. संध्याकाळी आळीत मात्र त्यानं सगळ्यांना सांगितलं, जाळं वाहून गेलं होतं, लांब सापडलं. माझ्याकडं बघितलंही नाही. पुन्हा फॉर्म भरला नाही. आता चारचौघांत मला 'सर' म्हणतो.

हो, मी शिक्षक झालो. आमच्याच शाळेत, गणिताचा. बऱ्याच वर्षांनी ज्ञानूची मुलगी माझ्या वर्गात आली — सातवीत. बापाबरोबर जाळी काढून यायची. एकदा उशिरा आली, सलवार गुडघ्यापर्यंत ओली. मी भर वर्गात म्हणालो, "बापानं मासळीपायी दहावी सोडली, तूही तेच करणार का?" पोरं हसली. ती हसली नाही.

"पप्पांनी सोडली न्हाई, सर," ती म्हणाली. "त्यांचं जाळं वाहून गेलं व्हतं."

स्वतःच्या लेकीलाही त्यानं तेच सांगितलं होतं. माझं खोटं, आजवर सांभाळलेलं. मला लाज वाटली. तिला खरं तिथंच सांगता आलं असतं, त्याच पोरांसमोर.

मी म्हणालो, "बरं, बस खाली."