तक्रारदादांना उकडू लागलं

तक्रारदादा शीतगृहात पहिल्यांदा कामाला आले त्या दिवशी त्यांनी थंडीबद्दल, हातमोज्यांबद्दल आणि चहातल्या साखरेबद्दल असा काही सूर लावला, की आतले मेलेले मासे पुन्हा एकदा मेले. थंडाव्याचं मशीन सांभाळणाऱ्या गड्याने तर कानात कापूस घातला. पुढे दादांचं लग्न त्याच्याच थोरल्या बहिणीशी झालं, तेव्हा तो कापूस त्याला घरीही न्यावा लागला.

पण त्या कटकटीचा उपयोग होता. गोठणखोलीत एकट्याने गेलेल्या माणसाने स्पीकरवर बोलत राहायचं, हा तिथला नियम. दादा आत असले की कोणी घड्याळ पाहत नसे. कुरकुर ऐकू येतेय ना, मग गडी धडधाकट.

एके दुपारी दादा आत असताना, दार गोठू नये म्हणून रबराभोवती बसवलेली तापती तार जळाली आणि दार चौकटीला गोठून बसलं. मशीन लगेच बंद केलं, पण आतली थंडी जाणार कुठे? दादांनी आतून मालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या. बाहेरचे दारावर गरम पाणी ओतत हसत होते. मग आतला आवाज मऊ झाला.

"मजेत आहे मी. जरा उकडतंय, एवढंच."

चला, एकदाचे सुखी झाले, असं कोणीतरी म्हणालं. मशीनवाला मेहुणा मात्र स्पीकरकडे धावला. कंपनीच्या डॉक्टरने एकदा समजावलं होतं: शरीर फार थंड पडलं की मेंदूतल्या पेशी सुस्तावतात, एकीचा निरोप दुसरीला वेळेवर पोचत नाही, शेवटी गोठणाऱ्या माणसालाच उकाडा होतो आणि तो कपडे उतरवू लागतो. तेव्हा त्याला तो विनोद वाटला होता.

"भावजी, कोट अंगात आहे ना?"

"काढला. घाम फुटलाय रे."

"घाला आधी. आणि शिव्या द्या मला. तुमची छत्री मी हरवली."

"असू दे. छत्रीचं काय एवढं."

त्याने पहार दाराच्या फटीत खुपसली. बहिणीला काय तोंड दाखवायचं?

"मी कोण आहे, सांगा बरं."

स्पीकरवरून अगदी प्रेमळ आवाजात उत्तर आलं, "माफ करा हं साहेब, ओळखलं नाही मी."

आता कोणीच हसलं नाही. सगळ्यांनी पहारींवर अंग टाकलं. दार करकरत सुटलं तेव्हा दादा नुसत्या बनियनवर खोक्यांना टेकून बसले होते, डोळे मिटून. अंगाची थरथरसुद्धा थांबली होती. मेहुण्याने त्यांना आपल्या जॅकेटात गुंडाळलं आणि दवाखाना येईपर्यंत त्यांच्या नाकासमोर हात धरून श्वास चाचपत राहिला.

दादा वाचले. डाव्या पायाचा अंगठा कापावा लागला. तार पुढच्या महिन्यात बदलली.