विडी कारखान्यातल्या उंच खिडक्या

पुण्याहून सकाळी सहाची नाशिक बस पकडली तेव्हाच स्वतःला बजावलं होतं, आज घर ठरवायचंच. आईसाठी घर शोधायचा हा माझा पाचवा रविवार. नाशिकला इंदिरानगरमधली तिची भाड्याची खोली महिनाअखेरीला सोडायची आहे, आणि माझे पाय आता नुसता जिना बघूनच दुखतात. सिन्नरच्या अलीकडे अर्धा तास कोंडी. रविवारी निघणार असाल तर पाण्याची बाटली आणि सहनशक्ती, दोन्ही भरून घ्या.

या खेपेला बघायचा होता देवळाली कॅम्पच्या रस्त्यावरचा जुना विडी कारखाना. त्यात आता फ्लॅट झालेत. आईने तिथे बावीस वर्षं विड्या वळल्या. कारखान्यातच स्वतःचं घर झालं तर ती हरखून जाईल असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि तिला न सांगताच रिक्षात बसवलं. इंदिरानगरहून तीनशे घेतले. फाटकापाशी उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "हितं?"

इमारत खरंच बघण्यासारखी आहे. हातभर जाडीच्या काळ्या दगडी भिंती, सागवानी तुळया, वर कौलं. लांबलचक हॉलचे तुकडे पाडून फ्लॅट केलेत, पण मूळच्या कमानदार खिडक्या तशाच ठेवल्यात, पार डोक्याच्या वर. ऊन तिथून तिरपं उतरतं. मी तर बघताक्षणीच विरघळले.

"मावशी, एवढ्या उंच खिडक्या आता कोण बांधतं? प्रायव्हसी बघा," एजंट म्हणाला.

आईने चपला काढल्या. बोटाने खिडक्या मोजत गेली आणि एका खिडकीखाली फरशीवर मांडी घालून बसली. हात असे ठेवले, जणू मांडीवर सूप आहे.

"माझी जागा हीच. वारं आलं की सुपातली तंबाखू उडायची, म्हनून खिडक्या वर. बावीस वर्सं नुसतं आभाळ बघितलं. रस्त्यानं कोन चाललंय, काय कळायचं नाय. बस, बघ तू."

मी तिच्या शेजारी बसले. आभाळाचा निळा तुकडा, बाकी काही नाही. मला लाज वाटली. घर मला आवडलं होतं, आणि राहायचं होतं तिला.

"भिंती लय चांगल्या हायत," आई उठता उठता एजंटची समजूत काढत म्हणाली, "पन दादा, मला आता रस्ता दिसंल असं घर पायजे."

समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. बाजाराला निघालेल्या बायका, सायकली, बसमधून उतरणारे जवान, आई सगळं बघत बसली. दुसरा कप झाला तरी उठेना. नंतर मिसळ खायचा माझा बेत होता, तो राहिला तो राहिलाच.

परतीच्या बसमध्ये मी पुण्यापर्यंत झोपले. घर अजून मिळालेलं नाही, खोली सोडायला नऊ दिवस उरलेत आणि मी पुरती थकले आहे. पण आता कुणीही फ्लॅट दाखवला की मी चपला काढते आणि आधी खिडकीखाली जमिनीवर बसून बघते.