मॅडमच्या पुडिंगमधली चरबी

मॅडमनी लिहून दिलेली यादी घेऊन मी पुण्यात कॅम्पातल्या दुकानापुढे उभा राहायचो, तेव्हा वर्गात प्रश्न विचारून उभं केल्यासारखं वाटायचं. यादीतले शब्द मला वाचता यायचे, पण ती वस्तू दिसते कशी हे ठाऊक नसायचं. मार्मलेड. कस्टर्ड पावडर. डबीतली मोहरीची पूड. दुकानदार म्हातारा पारशी होता. तो यादी चष्म्याजवळ धरायचा आणि म्हणायचा, "विलायती माल बंद झाला, डिकरा. तुझ्या मॅडमला सांग, आता आंब्याचा मुरंबा खायला शीक."

मी हे मॅडमना कधी सांगितलं नाही. नुसतं "मिळालं नाही" म्हणायचो. मग त्या पुढच्या आठवड्यात तीच यादी पुन्हा द्यायच्या.

मॅडम म्हणजे दौंडच्या रेल्वे कॉलनीच्या कडेला एकट्याच राहणाऱ्या, एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरच्या विधवा. त्यांचा मुलगा विलायतेला जाऊन राहिला होता. त्या स्वतः तिकडे कधीच गेल्या नव्हत्या; जन्म भुसावळचा, लग्न दौंडचं. तरी विलायतेला त्या "होम" म्हणत आणि तिथल्या बरण्या-डबे माहेरची वस्तू शोधावी तसे शोधत. एकदा मला अर्धी बरणी मार्मलेड, म्हणजे संत्र्याचा कडवट मुरंबा, मिळालं, तेही जुन्या बाजारात, झाकण गंजलेलं. त्या दिवशी त्यांनी टोस्टवर ते इतकं पातळ पसरलं की पाव खालून दिसत होता.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी दौंडहून सकाळच्या शटलने पुण्याला कॉलेजात जायचो. आमच्या घरात सातवीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. मॅडमच्या मागच्या अंगणातली एक खोली मला भाड्यावाचून मिळाली होती. बदल्यात पुण्याहून सामान आणायचं आणि मुलाची बारीक अक्षरांतली पत्रं वाचून दाखवायची, कारण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दुसरी खोली आम्हांला परवडणारी नव्हती. ही गेली की कॉलेज गेलं, हे मला आणि आबांना, दोघांनाही माहीत होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, भीमेपलीकडे मांडवगणला कांदा करायचे आणि नावेने दौंडच्या बाजाराला यायचे. माळकरी होते. मला तिथे ठेवायला ते एका अटीवर कबूल झाले. "त्या घरातलं तोंडात काय घालायचं न्हाई," ते म्हणाले, "आन् मटणाला हात लावायचा न्हाई. लावलास तर पुस्तकं उचलायची आन् घरी यायचं." मी त्यांच्या पायाला हात लावून शपथ घेतली. दीड वर्ष पाळली. माझी भाकरी मीच थापायचो आणि माझा तांब्यासुद्धा वेगळा होता.

त्या वर्षी दिवाळीनंतर मॅडमनी नाताळच्या पुडिंगची यादी दिली. मनुका, साखर, मैदा, सुकी संत्र्याची साल, आणि शेवटी "सुएट". मी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवलं. बकऱ्याच्या गुर्द्याभोवतीची घट्ट पांढरी चरबी. "उंगली बहुत दुखता है, बेटा. तुम लाके घिस के देगा?" त्यांची बोटं सांध्यांत वाकडी झाली होती.

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मुलाचं पत्र त्या माझ्यापुढे धरून बसल्या होत्या. त्यात लिहिलं होतं की तिकडे दुकानात तयार पुडिंग मिळतं, पण आईच्या हातची चव नाही. मी मान हलवली. खोलीचा विचार आधी आला की मॅडमचा, हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक खोलीचाच.

मटणाच्या दुकानातले चाचा हसले. "गुर्द्याची चरबी? मड्डमबाईंची दिसते. आन् तू कोण रं?"

"कॉलेजात आहे. तिथंच राहतो."

"गाव?"

"मांडवगण."

चाचांचा सुरा थांबला. "कांद्याच्या गोण्या घेऊन बाजारला येतात ते माळकरी बुवा, त्यांचा न्हवं तू? नाक तेच हाय."

मी पैसे पुढे केले. चाचांनी चरबी कागदात गुंडाळली, वरून आणखी एक कागद लावला. "भिऊ नको. माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं. पन पोरा, वास गप बसत असतो का?"

ती चरबी मी मॅडमच्या स्वयंपाकघरात उभा राहून किसली. हाताच्या उबेने ती वितळायची, म्हणून मधूनमधून मैद्यात बोटं बुडवायची. साबणाने चिकटपणा जाईना, म्हणून चुलीतल्या राखेने हात घासले. तरी रात्री वहीच्या पानावर बोटाचा तेलकट ठसा उठला. ते पान मी फाडलं. पुडिंग फडक्यात बांधून उकडलं गेलं आणि खुंटीला महिनाभर टांगून राहिलं. मी पाणी भरायला आत गेलो की त्याच्याकडे बघायचो नाही.

नाताळची सुट्टी लागली तरी मी घरी गेलो नाही. अभ्यास आहे असं कळवलं. तर नाताळच्या दुसऱ्या दिवशी आबाच आले. दौंडच्या बाजाराला आले होते, खांद्यावर शेंगांचं गाठोडं.

मॅडमना फार आनंद झाला. त्यांनी आबांना व्हरांड्यात खुर्चीवरच बसवलं. आबा खुर्चीच्या कडेला टेकले, टोपी मांडीवर. मॅडम आत गेल्या आणि निळ्या फुलांच्या बशीत पुडिंगचा काप घेऊन आल्या.

आबांनी बशी हातात घेतली आणि विचारलं, "बाई, ह्यात मटण-बिटण काय न्हाई ना?"

"नो, नो! मटन नहीं. फल है, शक्कर है, मैदा है." मॅडमनी कापातली मनुका बोटाने दाखवली. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी सुएट म्हणजे मटण नव्हतंच. आपण तुपाला दूध म्हणत नाही, तसं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. कुणाच्या दारात बसून दिलेलं गोड परत करणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी एक तुकडा मोडला, हातात धरला आणि डोळे मिटले. घास घेण्याआधी देवाचं नाव घ्यायची त्यांची रीत होती. ओठ हलत होते. ते नाव किती लांब असतं हे मला लहानपणापासून पाठ होतं. बोललो तर पुस्तकं उचलायची. गप्प राहिलो तर त्यांना कधीच कळणार नव्हतं.

"आबा, थांबा. त्यात चरबी हाय."

त्यांनी डोळे उघडले. "बाई न्हाई म्हनल्या की."

"बाईंना तसं वाटतं. मीच आणली. मीच किसली."

मॅडम आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. "क्या हुआ? अच्छा नहीं बना?"

आबांनी तुकडा बशीत ठेवला, बशी दोन्ही हातांनी टेबलावर सरकवली. "बाई, आमच्यात चालत न्हाई. तुमचा दोष न्हाई." मॅडमना ते अर्धंच समजलं. "मगर ये मीट नहीं है! बेटा, बोलो ना इनको!" आबा उठून अंगणातल्या नळावर गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी तीनदा हात धुतले.

"तू खाल्लंस?"

"न्हाई."

"खरं?"

"खरं. पन हात लावला."

"शपथ घेतली व्हतीस."

"व्हय."

"मंग?"

"खोली गेली असती, आबा."

ते धोतराला हात पुसत राहिले, कोरडे झाले तरी. मला वाटलं, आता म्हणतील, पुस्तकं बांध. मी मनातल्या मनात कुठलं पुस्तक कुणाचं परत द्यायचं ते मोजायलाही लागलो होतो.

"परीक्षा कवा?"

"मार्चात."

"तवर ऱ्हा. मंग दुसरीकडं बघ. न्हाई मिळालं तर मळा हायेच." त्यांनी धोतराचा सोगा खोचला. "येत्या एकादशीला तुला माळ घालायची म्हनून आलो व्हतो सांगाया. तुझ्या आईनं मणी ओवून ठेवलेत. ऱ्हाऊ दे आता."

त्यात राग नव्हता. बाजारात भाव पडल्यावर गोणी परत बांधावी, तसं ते बोलले. मग व्हरांड्याजवळ जाऊन त्यांनी शेंगांचं गाठोडं मॅडमपुढे ठेवलं, हात जोडले आणि फाटकाबाहेर पडले.

मार्चातल्या परीक्षेत मी पास झालो, आणि कॉलेजातल्या एका मित्राच्या ओळखीने पुण्यात खोली मिळाली. माळेचं मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी काढलं नाही. पण त्या दिवशी ते भीमेच्या वाटेला लागले, तेव्हा मी नळापाशी माझे हात धूत उभा होतो. नावेपर्यंत त्यांच्याबरोबर चालत जायला हवं होतं, हे मला ते वळणाआड गेल्यावर सुचलं.